दहा सेकंदांची किंमत

ताईने आयुष्यभर सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कर्जाची प्रकरणे तपासली. त्यामुळे कोणत्याही वस्तूची किंमत तिच्यासमोर उच्चारली की ती वस्तूकडे नंतर पाहते, भागाकार आधी करते. मागे एका रविवारी फोनवर मी तिला सहज सांगून गेलो की न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक जुना ड्रम सॅम्पलर विकायला निघाला आहे, मालक ६,८०० डॉलर मागत आहेत आणि घ्यावा की नाही याचा मी विचार करतो आहे. हे यंत्र करते काय, असे तिने विचारले. बाहेरचा आवाज आत भरून घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे बटणांवर तालात वाजवायचे, असे मी सांगितले. ‘किती आवाज मावतो त्यात?’ मी म्हणालो, दहा सेकंद. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, ‘अरे, म्हणजे सेकंदाला सहाशे ऐंशी डॉलर झाले. आपल्या रुपयांत पन्नास हजारांच्या वर. आणि तारण काय?’ मी ते हसण्यावारी नेले. फोन ठेवल्यावर मात्र तो भागाकार डोक्यातून जाईना, कारण त्याचे उत्तर चुकीचे आहे असे मला सिद्ध करता येत नव्हते.

यंत्राचे नाव ई-म्यू एसपी-१२००. हिप-हॉप ज्यांनी मन लावून ऐकले आहे त्यांना याहून अधिक ओळख लागत नाही. ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने ते बाजारात आणले आणि पुढची काही वर्षे न्यूयॉर्कमधल्या तळघरांत, शयनगृहांत आणि छोट्या स्टुडिओंत जे संगीत घडले त्यातल्या फार मोठ्या भागाच्या मुळाशी हा करडा पेटारा होता. डेव्ह रॉसम हे त्याचे मुख्य रचनाकार. मधली काही वर्षे उत्पादन बंद होते, १९९३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १९९८ मध्ये ई-म्यूने ते कायमचे थांबवले.

विक्रेते गृहस्थ निवृत्तीला आलेले होते. तळघरातल्या एका टेबलावर चादर अंथरून त्यांनी यंत्र मांडून ठेवले होते. ज्याचे छायाचित्र वर्षानुवर्षे पाहिले ती वस्तू प्रत्यक्षात समोर आली की आधी तिच्या आकारानेच दचकायला होते. हे यंत्र मला वाटले होते त्याहून रुंद निघाले आणि त्याच्या मध्यावरचा दोन ओळींचा पडदा मात्र वाटले होते त्याहून लहान निघाला. खाली आठ बटणे आणि त्यांच्या वर आठ स्लायडर, म्हणजे सरकवायच्या दांड्या. तिसरी दांडी मी वर सरकवली तेव्हा पडद्यावरचा आकडा सरळ चढत गेला नाही. मधेच खाली आला, थरथरला आणि मग एकदम टोकाला जाऊन बसला. आत धूळ बसली आहे किंवा आतला पट्टा झिजला आहे, याची ती खूण. पाचव्या बटणाला बोटाच्या टोकाने भागेना, अंगठा टेकवावा लागला. त्यांनी फ्लॉपी आत सारली तेव्हा दळण चालू झाल्यासारखी घरघर झाली, थांबली आणि पुन्हा सुरू झाली. ‘कधी कधी दुसऱ्यांदा लावावी लागते,’ असे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. मग त्यांनी पहिले बटण दाबले आणि एक किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, वाजली. ढोलाच्या टिपरूचा घाव पाठीवर जाणवावा तशी ती छातीवर जाणवली, आणि तोवर मनात जमवलेल्या सगळ्या शंका काही काळ बाजूला झाल्या.

तो आवाज तसा का लागतो, याचे कारण गूढ नाही. एसपी-१२०० एका सेकंदात आवाजाची २६,०४० वेळा नोंद घेते आणि प्रत्येक नोंद १२ बिटांत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांपैकी कुठल्यातरी एका पायरीवर बसवते. सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात आणि पायऱ्या ६५,५३६. नोंदीच इतक्या विरळ असल्यामुळे साधारण १३ हजार हर्ट्झच्या वरचे काही टिकत नाही. झांजेची चमक जाते आणि स्नेअरच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या खणखणीत ड्रमच्या, तळाशी एक भुरभुरीत वाळू शिल्लक राहते. पुढची गंमत सूर खाली उतरवताना होते. आजची यंत्रे दोन नोंदींच्या मधली जागा गणिताने गुळगुळीत भरून काढतात. हे यंत्र तसे करत नाही, आहे तीच नोंद पुन्हा वाजवते. त्यामुळे मुळात नव्हतेच असे काही सूर त्यात उमटतात, किणकिणते धातूचे सूर. अभियंत्याच्या दृष्टीने तो दोष आहे. शिवाय आवाज बाहेर पडायच्या आठ वाटांपैकी पहिल्या दोन वाटांवर एसएसएम २०४४ नावाची फिल्टर चिप बसवलेली आहे, तिच्यातून गेलेला खर्ज गोल होऊन बाहेर पडतो. शेवटच्या दोन वाटांवर फिल्टरच नाही, आवाज जसाच्या तसा कच्चा येतो. कोणता आवाज कोणत्या वाटेने सोडायचा हे ठरवणे हेसुद्धा मग रचनेचाच भाग होऊन बसते.

दहा सेकंदांची मर्यादा तर होतीच, वर एका सलग आवाजाला अडीच सेकंदांहून जास्त जागा नाही. त्यावर न्यूयॉर्कमधल्या तेव्हाच्या मुलांनी काढलेला तोडगा मला अजूनही थक्क करतो. मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर लावायची, तो घाईघाईचा चिरका आवाज यंत्रात भरायचा आणि आत गेल्यावर सूर उतरवून मूळ गतीला आणायचा. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज मावला. टर्नटेबलवर ७८ चा वेग असेल तर तेवीस सेकंद. आणि सूर उतरवला की ते धातूचे सूर आपोआप आलेच. म्हणजे ज्या खरखरीसाठी आज लोक हजारो डॉलर मोजायला तयार आहेत, ती जागा वाचवण्याच्या खटपटीतून आलेली आहे.

आता किमतीकडे. १९८७ मध्ये हे यंत्र नवेकोरे २,७४५ डॉलरला मिळत असे. अमेरिकेतल्या तेव्हापासूनच्या महागाईचा हिशेब लावला तर आजच्या पैशांत ते साडेसात हजारांच्या आसपास जाते. हा हिशेब मी कागदावर केला तेव्हा थोडा अस्वस्थ झालो, कारण जुन्या वस्तूंच्या वेडापायी भाव भडकले आहेत अशी माझी ठाम समजूत होती. वास्तविक हे यंत्र कधीच स्वस्त नव्हते. गल्लीतल्या पोरांनी टाकाऊ यंत्रातून संगीत उभे केले, अशी जी गोष्ट आपल्याला ऐकायला आवडते ती निदान एसपी-१२०० च्या बाबतीत पुरती खरी नाही. कित्येकांनी ते पहिल्यांदा हाताळले ते दुसऱ्याच्या स्टुडिओत. क्वीन्समधल्या जमैका भागात १२१२ नावाचा स्टुडिओ होता. तिथे पॉल सी नावाचा एक तरुण ध्वनिमुद्रक ड्रमचे तुकडे कसे कापावेत हे जवळ येणाऱ्या पोरांना शिकवत असे; हिप-हॉपमधले पुढे नावाजलेले संगीतकार लार्ज प्रोफेसर हे त्याच्याच हाताखाली तयार झाले. १९८९ मध्ये पॉल सी यांची हत्या झाली. ती विद्या मात्र हातोहात पुढे गेली, आणि जिच्यासाठी कुणी पावती फाडली नाही अशी या सगळ्या व्यवहारातली बहुधा तीच एक गोष्ट.

तिकडे २०२१ मध्ये रॉसम यांच्याच आताच्या कंपनीने एसपी-१२०० ची नवी आवृत्ती काढली. फ्लॉपीऐवजी एसडी कार्ड, बाकी चेहरामोहरा तोच. किंमत ठेवली ३,९९९ डॉलर. आणि संगणकावर चालणारी, त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर तर दोघांनी बाहेर केलेल्या जेवणाच्या खर्चात येतात. मी त्यातले एक वापरतो. एका स्नेअरची खऱ्या यंत्रातली प्रत आणि सॉफ्टवेअरमधली प्रत एकापाठोपाठ लावून डोळे मिटून ऐकली. सुटा स्नेअर असेल तर फरक कळतो, विशेषतः आवाज विरत जातो त्या शेपटीला. वर बास आणि गायकाचा आवाज चढवला की मला तरी कळला नाही. ज्यांना कळतो असे म्हणतात, त्यांच्यातल्या काहींच्या कानांवर माझा विश्वास आहे आणि बऱ्याच जणांच्या नाही.

मग केवळ आवाजासाठी हे पैसे नाहीत, हे स्पष्ट झाले.

सॉफ्टवेअर वापरताना मी स्वतःला दहा सेकंदांचीच मुभा देऊन पाहिले. काही काळ बरे चालते. मग एखादी सनईची फेक इतकी सुंदर मिळते की ती अडीच सेकंदांत तोडवत नाही, आणि तिच्यापुरती मुभा वाढवली जाते. उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून नियम पाळण्यासारखाच तो प्रकार. एसपी-१२०० पुढे असा काही सौदा चालत नाही. नवा आवाज हवा असेल तर जुना पुसावा लागतो. त्यामुळे तिच्यासमोर बसलेला माणूस सतत निवड करत असतो: या झांजेची शेपटी कापू का, ही किक आणि तो बास एकाच तुकड्यात घेऊ का. त्या काळातल्या लूपना, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवल्या जाणाऱ्या तुकड्यांना, तो तुटक, टणक बांधा लाभला, तो या निवडींमुळे. दहा सेकंदांचा सगळा ऐवज मोजला तर ४०० केबीसुद्धा भरत नाही, आज फोनने काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. हलवता न येणारी भिंत विकत मिळत असेल तर तिला पैसे मोजावेत, असे माझे मत होत चालले होते. फक्त ही भिंत नव्या आवृत्तीतही आहे, थोडी मागे सरकवलेली असली तरी आहे, आणि ती चार हजारांत मिळत होती. म्हणजे खरा प्रश्न ६,८०० चा नव्हताच. वरच्या २,८०० चा होता.

हे २,८०० कशाचे, याचा विचार करताना मला वारंवार आमचा ऑर्केस्ट्रा आठवत राहिला. कॉलेजच्या दिवसांत मिरज, सांगली, तासगाव अशा पट्ट्यात गणपतीच्या दिवसांत आम्ही कार्यक्रम करत असू आणि रोलँडचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, माझ्याकडे असे. तोही आठच पॅडचा. तो आमच्या मालकीचा नव्हता, हंगामापुरता भाड्याने आणलेला असे आणि मंडपात चहाचा पेला कुणी त्याच्याजवळ ठेवला तरी माझा जीव वरखाली होई. भाद्रपदातल्या दमट रात्री ढोलकीच्या पुड्या ओल धरत. आमचे ढोलकीवाले प्रत्येक दोन गाण्यांच्या मधे ढोलकी सुरात लावत बसत, कधी हॅलोजनच्या दिव्यासमोर ढोलकी धरून पान शेकत. ऑक्टोपॅडला काही ओल लागत नसे. बटण फिरवले की त्यातूनही ढोलकी वाजे, सुरात, रात्रभर एकसारखी. एका वर्षी संयोजकांनी बिदागी ठरवताना सहज विचारले, ‘ढोलकी यातच निघते ना, मग वेगळा माणूस कशाला?’ ढोलकीवाले काका तेव्हा तिथेच उभे होते. त्यांचे पैसे त्या वर्षी कमी झाले आणि माझे थोडे वाढले. मी ते घेतले. यंत्रातली ती ढोलकी कुठेतरी, कुणीतरी, खऱ्या कातड्यावर खऱ्या बोटांनी वाजवली असणार, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नव्हता. तो फार पुढे आला.

सॅम्पलरच्या दुनियेत या वाजवणाऱ्यांपैकी काहींची नावे तरी निघाली. क्लाइड स्टबलफील्ड हे अमेरिकन गायक जेम्स ब्राउन यांचे ड्रमर. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत ‘फंकी ड्रमर’ नावाचे गाणे मुद्रित झाले, १९७० मध्ये बाजारात आले. गाण्याच्या उत्तरार्धात बाकीची वाद्ये बाजूला होतात आणि काही वेळ स्टबलफील्ड एकटेच वाजवत राहतात. डाव्या हाताने स्नेअरवर इतक्या हलक्या, अर्धवट टिकल्या सोडलेल्या आहेत की त्या ऐकू येण्याऐवजी जाणवतात. आपल्याकडे ढोलकीवरच्या लग्गीत अंगठ्याच्या बाजूने असे काही निसटते बोल काढतात, त्याच जातीचे काम. पुढे तो तुकडा अक्षरशः शेकडो गाण्यांत कापून वापरला गेला. गाण्याच्या रचनेवर स्टबलफील्ड यांचे नाव नव्हते, ध्वनिमुद्रणावर त्यांचा हक्क नव्हता, त्यामुळे त्या वापराचा मोबदला त्यांना मिळाला नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये ते राहत, गावातल्या कार्यक्रमांत वाजवत. २०१७ मध्ये तिथेच गेले. असाच असंख्य वेळा वापरला गेलेला, ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला सहा-सात सेकंदांचा तुकडा वाजवणारे ग्रेगरी कोलमन तर २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारले. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीवाचून केलेल्या सॅम्पलिंगला चोरी ठरवले, तेव्हापासून कंपन्या रीतसर पैसे मोजू लागल्या. ते पैसे रचनाकाराकडे आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जातात. हात ज्याचे होते, तो बहुतेक वेळा या दोन्हींत बसत नाही. मुंबईच्या फिल्मी ध्वनिमुद्रणांत एका दिवसाच्या मेहनतान्यावर वाजवून गेलेल्या वादकांची गत काही निराळी नव्हती.

तरीही मला ते लूप आवडतात, यात काही बदल झाला नाही. एखाद्या अनोळखी ड्रमरचे दोन ठोके तिसऱ्याच गाण्यात, तिसऱ्याच माणसाच्या बोटाखाली इतके जिवंत व्हावेत, यात नुसती चोरी नाही. त्या पोरांनी धुळीत पडलेल्या रेकॉर्डमधून ते ठोके शोधले नसते तर स्टबलफील्ड यांचे नाव माझ्यापर्यंत कधी आले असते? हा युक्तिवाद सोयीचा आहे, हेही मला कळते. ऑक्टोपॅडची वाढीव बिदागी खिशात घालताना मी असाच काहीतरी केला असणार.

त्या तळघरात यंत्राशेजारी एक बुटांचा खोका होता. त्यात उभ्या लावलेल्या फ्लॉप्या, प्रत्येकीवर निळ्या शाईने लिहिलेली चिठ्ठी: किक, स्नेअर, वर्ष, कुणाचे तरी टोपणनाव. मी मनातल्या मनात ते २,८०० डॉलर त्या खोक्यावर मांडून मोकळा झालो होतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ४५ च्या वेगाने भरलेले, कुठे कापायचे हे विचार करून कापलेले ते तुकडे. नव्या यंत्राच्या खोक्यातून हे येणार नाही, जास्तीचे पैसे याचेच. मी तसे म्हणालो तेव्हा त्यांनी खोका हळूच स्वतःकडे ओढला आणि सांगितले की फ्लॉप्या विकायच्या नाहीत. यंत्र न्या, या राहतील. त्या वाजवणार कशावर, असे मी विचारले. त्यावर ते फक्त म्हणाले, ‘ते मी बघेन.’

आणि एसपी-१२०० ची खोड अशी की तिला काहीच लक्षात राहत नाही. वीज बंद केली की आतला आवाज जातो. जे आहे ते फ्लॉपीवर. म्हणजे त्या ६,८०० मध्ये मला मिळणार होते एक रिकामे यंत्र, थरथरणारी तिसरी दांडी, अंगठा मागणारे पाचवे बटण आणि दुसऱ्यांदा लावावी लागणारी फ्लॉपी. दांड्या आणि बटणे बदलता येतात, फ्लॉपीच्या जागी मेमरी कार्डाचा वाचक बसवता येतो. हे काम करणारे कारागीर आहेत. जुनी फिल्टर चिप गेली तर मात्र तसलीच शोधत फिरावे लागते. त्या गृहस्थांच्या जागी मी असतो तर मीही खोका दिला नसता, म्हणून त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नव्हते. फक्त हिशेब बदलला होता.

मी त्यांना ४,६०० सांगितले: नव्या आवृत्तीएवढे, अधिक सहाशे, ते १९८७ च्या त्या पत्र्याबद्दल आणि त्या किकबद्दल. दुरुस्तीचा खर्च माझा. त्यांनी दोन दिवस घेतले आणि सहा हजारांच्या खाली येता येणार नाही असे नम्रपणे कळवले. सहा हजारांना ते कुणीतरी नेईल, आणि नेणारा फसला असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या जुन्या फ्लॉप्या पडून आहेत आणि त्या वाजवायला यंत्र उरलेले नाही, त्याला तर हा भाव स्वस्त आहे. माझ्याकडे तशी एकही फ्लॉपी नाही. मी नकार कळवला आणि त्याच निरोपात विचारले की खोक्यातल्या फ्लॉप्यांची संगणकावर नक्कल करून द्यायला मी एखाद्या शनिवारी आलो तर चालेल का, त्यांच्या चुंबकी थराचा आता फार भरवसा नाही. त्यांनी विचारले, किती घ्याल? मी लिहिले, काही नाही, ऐकायला मिळाले तर पुरे. अजून उत्तर आलेले नाही.